फार्मव्हिलच्या शाळेचं कुलूप

अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमध्ये घर घेतलं, त्या क्लोजिंगच्या म्हणजे खरेदी पुरी करायच्या दिवशी वकिलाच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा होता. सह्या करून करून बोटं दुखायला लागली होती. गठ्ठ्यात एका जुन्या खरेदीखताची झेरॉक्स निघाली. १९४१ सालची, टाइपरायटरवर बडवलेली, शाई भरून काही अक्षरं बुजलेली. मी सहज वाचत गेले. आवारात डुकरं पाळायची नाहीत. कुंपण अमुक उंचीपेक्षा वर न्यायचं नाही. आणि त्याच्याच खालच्या कलमात, त्याच टाइपात, त्याच सुरात लिहिलेलं : गोऱ्या वंशाच्या माणसाखेरीज कोणालाही ही मिळकत विकता येणार नाही, भाड्याने देता येणार नाही, वापरू देता येणार नाही. अपवाद फक्त घरात राहणाऱ्या नोकरांचा.

मी ते वकिलांना दाखवलं. ते म्हणाले, "ते कलम कधीच मेलंय, तुम्ही काळजी करू नका." मी सही केली. संध्याकाळी रिकाम्या घरात पहिल्यांदा दूध उतू घालताना मात्र मनात तेच घोळत होतं. त्या कलमाप्रमाणे मी या स्वयंपाकघरात भांडी घासायला चालले असते. स्वतःच्या घरच्यासारखं ताट वाढून घेऊन बसायला चालले नसते.

कलम मेलं कसं, ते नंतर वाचलं. सेंट लुइसमध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबाने असंच कलम असलेलं घर घेतलं आणि शेजारी कोर्टात गेले. १९४८ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. त्याची मांडणी मला फार महत्त्वाची वाटते. शेजाऱ्यांनी आपापसांत असा करार केला आणि आपखुशीने पाळला, तर संविधान त्यांना अडवायला जात नाही. पण करार मोडला म्हणून ते कोर्टाकडे आले आणि कोर्टाने त्या कुटुंबाला घराबाहेर काढलं, तर तो भेदभाव शेजाऱ्यांचा राहत नाही, सरकारचा होतो. आणि सरकारला तशी मुभा नाही. कोणाशी संगत ठेवायची हे तुम्ही ठरवा, पण त्यासाठी सरकारचा पोलीस मागू नका, असा त्याचा साधा अर्थ.

ही रेषा कुठे ओढायची, यावरच व्हर्जिनियात पुढची वीस वर्षं भांडण चाललं. त्यातलं सगळ्यात कडवट प्रकरण आमच्या घरापासून गाडीने सव्वा तासावर घडलं. इथे येऊन बारा वर्षं झाली तरी मी तिथे गेले नव्हते, याची मला लाज वाटते. गेल्या हिवाळ्यात लेकीला शाळेत त्यावर प्रकल्प मिळाला आणि आम्ही दोघी फार्मव्हिलला निघालो.

प्रिन्स एडवर्ड काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग, तंबाखूच्या शेतीची. फार्मव्हिल तिचं मुख्य गाव. तिथे कृष्णवर्णीय मुलांसाठी रॉबर्ट मोटन हायस्कूल होतं. त्याच बैठ्या विटकरी इमारतीत आता संग्रहालय आहे. शाळा १९३९ साली बांधली ती १८० मुलांसाठी. १९५१ पर्यंत मुलं साडेचारशेच्या वर गेली. जिमखाना नाही, जेवणघर नाही, प्रयोगशाळा नाही. नवी इमारत मागितली तर काउंटीने आवारात लाकडी सांगाड्यांवर डांबरी कागद ठोकून खोपट्या उभ्या करून दिल्या. पाहणाऱ्याला ती कोंबड्यांची खुराडी वाटायची. आत एकेक शेगडी. तिच्याजवळ बसणारी मुलं भाजून निघायची, लांबची कोट घालून कुडकुडायची. गोऱ्या मुलांचं हायस्कूल त्याच गावात होतं आणि तिथे हे सगळं व्यवस्थित होतं.

२३ एप्रिल १९५१. बार्बरा जॉन्स नावाच्या सोळा वर्षांच्या मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी आधी मुख्याध्यापकांना फोन करून बाहेर पाठवलं : आपली काही मुलं बस स्टेशनवर गोंधळात सापडली आहेत, लवकर या. मग मुख्याध्यापकांच्या नावाने चिठ्ठ्या वर्गावर्गांत गेल्या आणि सगळी शाळा सभागृहात जमली. पडदा सरकला तर स्टेजवर बार्बरा. शिक्षकांना तिने बाहेर जायची विनंती केली, आणि कोणी हलेना तेव्हा पायातला बूट काढून बाकावर आपटला. ते सभागृह अजून तसंच आहे. आम्ही मधल्या रांगेत बसलो होतो आणि माझी पंधरा वर्षांची लेक स्टेजकडे एकटक पाहत होती. एवढ्याच वयाची होती ती मुलगी.

मुलं दोन आठवडे संपावर गेली. मागणी एवढीच की धड इमारत द्या. त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन-डबल-ए-सी-पी या संघटनेच्या वकिलांना पत्र लिहिलं. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन आले आणि म्हणाले, वेगळी पण चांगली शाळा मागणार असाल तर आम्ही खटला लढणार नाही, वेगळेपणाविरुद्धच लढायचं असेल तर लढू. आईबाप तयार झाले. त्या गावातल्या भीतीत, ज्यांची कर्जं आणि नोकऱ्या गोऱ्यांच्या हातात, त्या आईबापांनी सह्या केल्या. ब्राउन खटला म्हणून जो जगाला माहीत आहे, तो पाच खटल्यांचा जुडगा होता. त्यातला एक हा, आणि मुलांच्या संपातून निघालेला हा एकच. १७ मे १९५४ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की सरकारी शाळांत वंशावरून वेगळं बसवणं घटनाबाह्य आहे.

खरं भांडण इथून पुढे सुरू झालं.

व्हर्जिनियाच्या पुढाऱ्यांनी 'राज्यांचे हक्क' पुढे केले. सिनेटर हॅरी बर्ड यांनी 'मॅसिव्ह रेझिस्टन्स'ची हाक दिली, सर्व ताकदीनिशी विरोध. विधिमंडळाने १९५६ मध्ये ठराव केला की केंद्राने मर्यादा ओलांडली तर राज्य मध्ये उभं राहील. त्यासाठी १७९८ मधली, जेफर्सन आणि मॅडिसन यांच्या काळातली कल्पना बाहेर काढली. नंतर कायदेच केले : गोऱ्यांच्या शाळेत एक जरी कृष्णवर्णीय मूल बसलं, तरी राज्य त्या शाळेला टाळं लावेल. १९५८ च्या शरद ऋतूत नॉरफोक, शार्लट्सव्हिल आणि वॉरन काउंटीतल्या शाळा खरंच बंद झाल्या. सुमारे तेरा हजार मुलं घरी बसली, आणि त्यात बहुसंख्य गोरी होती. १९ जानेवारी १९५९ रोजी केंद्राच्या कोर्टाने आणि व्हर्जिनियाच्या स्वतःच्या सर्वोच्च कोर्टाने एकाच दिवशी हे कायदे रद्द केले. राज्याच्या कोर्टाने राज्याचीच घटना दाखवली. तीत मोफत सरकारी शाळा चालवण्याचं बंधन होतं.

'राज्याचा हक्क' हा शब्द मी आधी निमूटपणे ऐकून घ्यायचे. महाराष्ट्रात वाढलेल्या कोणालाही दिल्लीने सगळं ठरवू नये असं वाटतं, मलाही वाटतं. संयुक्त महाराष्ट्रासाठी १०६ जणांनी प्राण दिले, ते ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. पण फार्मव्हिलमध्ये उभं राहिल्यावर कळतं की त्या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या आहेत. राज्याने केंद्राला सांगायचं की आमचा कारभार आम्हाला करू द्या, ही एक. राज्याने स्वतःच्याच नागरिकांच्या एका भागाला सांगायचं की तुमचं आम्ही काय करायचं ते करू, वर दाद मागू नका, ही दुसरी. पहिलीला मी हक्क म्हणेन. दुसरीला तो शब्द लावायला मी तयार नाही. बार्बराच्या आईबापांपुढे व्हर्जिनिया हे दुबळं राज्य नव्हतं. त्यांच्या अंगावर आलेली सगळ्यात मोठी सत्ता तेच होतं.

कोर्टांनी राज्याचा रस्ता अडवल्यावर तोच रस्ता काउंटीने धरला. १९५९ च्या जूनमध्ये प्रिन्स एडवर्डच्या पर्यवेक्षक मंडळाने शाळांसाठी कर बसवायचाच नाही असं ठरवलं. पैसाच नाही, तर शाळा नाही. कोणताही कायदा वंशाचं नाव घेत नव्हता. सप्टेंबर उजाडला आणि काउंटीतली एकही सरकारी शाळा उघडली नाही. ती पाच वर्षं उघडली नाही.

गोऱ्या मुलांसाठी त्याच महिन्यात प्रिन्स एडवर्ड अकॅडमी नावाची खासगी शाळा सुरू झाली, चर्चमध्ये आणि मिळेल त्या जागेत. वर्गणी काढली, आयांनी राबून वर्ग लावले. नुसतं वाचलं तर एका गावाच्या जिद्दीची गोष्ट वाटेल. त्यांचं म्हणणं असं होतं की आमच्या मुलांनी कोणाबरोबर बसावं हे आम्ही ठरवू. ते आमचं संगतीचं स्वातंत्र्य, आणि यात सरकारचा पैसा नाही.

पुढच्या वर्षी पैसा आला. काउंटीने खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे १०० डॉलर द्यायला सुरुवात केली, राज्याची मदत वेगळी. खासगी शाळेला देणगी देणाऱ्याला मालमत्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. कागदावर सवलत सर्वांना होती. पण काउंटीत खासगी शाळा होती ती गोऱ्यांचीच. ज्या तिजोरीत कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा कर पडत होता, तिच्यातून दुसऱ्यांच्या मुलांची फी जात होती आणि त्याचं स्वतःचं मूल घरी बसलं होतं.

मी सगळ्यात जास्त वेळ घुटमळले ती गोष्ट वेगळीच होती. गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना देऊ केलं होतं की तुमच्यासाठीही खासगी शाळा काढून देतो. कृष्णवर्णीय समाजाने नाही म्हटलं. खासगी घेतली तर सरकारी शाळेचा हक्क सोडल्यासारखं होईल, म्हणून खटला चालू ठेवला. मला हे वाचून अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो नंतर. आधी पोटात गोळा आला. सुमारे १७०० मुलं होती ती. सहा वर्षांचं मूल घरात, अक्षर ओळख नाही, आणि समोर कोणीतरी वर्ग देतंय. मी आई म्हणून काय केलं असतं? लेकीला मी हे विचारलं नाही, स्वतःलाच विचारत राहिले. मला वाटतं मी मुकाट्याने पाठवलं असतं. त्यांनी पाठवलं नाही, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना कोणी विचारलंही नव्हतं, ती मुलं होती.

काही कुटुंबांनी मुलं नातेवाइकांकडे पाठवली. वरच्या वर्गांतली साठेक मुलं नॉर्थ कॅरोलायनातल्या किट्रेल कॉलेजने सामावून घेतली. क्वेकर पंथीयांच्या संस्थेने दुसऱ्या राज्यांत अनोळखी घरं शोधून दिली. फार्मव्हिलचे पाद्री रेव्हरंड ग्रिफिन यांच्या लोकांनी चर्चच्या तळघरांत छोटे वर्ग चालवले. बाकीची मुलं तंबाखूच्या शेतात गेली. १९६३ मध्ये देशाचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी भाषणात यादीच वाचली : मोफत सरकारी शिक्षण नाही अशा जगातल्या मोजक्या जागा म्हणजे कम्युनिस्ट चीन, उत्तर व्हिएतनाम, सारावाक, सिंगापूर, ब्रिटिश होंडुरास, आणि व्हर्जिनियातली प्रिन्स एडवर्ड काउंटी.

या सगळ्या काळात एकत्र येण्याच्या स्वातंत्र्याचा खरा खटला दुसरीकडेच चालला होता. अलाबामा राज्याने एन-डबल-ए-सी-पीला फर्मावलं की तुमच्या राज्यातल्या सर्व सभासदांची नावं आणि पत्ते द्या. यादी हातात पडली की काय होणार हे उघड होतं : नोकरी जाईल, कर्ज परत मागितलं जाईल, रात्री घरावर दगड येतील किंवा बाँब. संघटनेने यादी दिली नाही. कोर्टाने तिला एक लाख डॉलर दंड ठोकला. ३० जून १९५८ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने यादी मागणं घटनाबाह्य ठरवलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी. एकत्र येऊन मत मांडण्याचं स्वातंत्र्य हे संविधानाने राखलेलं स्वातंत्र्य आहे, हे इतक्या स्पष्टपणे तिथे लिहिलं गेलं. व्हर्जिनियाही मागे नव्हती. १९५६ मध्ये तिने याच संघटनेला खटले लढवता येऊ नयेत असे कायदे केले. ते १९६३ मध्ये पडले.

म्हणजे ज्या राज्यांत गोऱ्या पालकांच्या संगतीच्या स्वातंत्र्याचा एवढा घोष चालला होता, तीच राज्यं ज्यांना संगतीची खरी गरज होती त्यांची संघटना मोडायला निघाली होती. संघटना करणं हे दुबळ्याचं शस्त्र आहे. एकटा शिंपी, एकटी मोलकरीण, एकटा भाडेकरू शेतकरी काय बोलणार? शंभर जण मिळून बोलतात. अकॅडमीच्या पालकांना कोणाची भीती होती? कर बसवणारं मंडळ त्यांचं, शेरीफ त्यांचा, विधिमंडळ त्यांचं.

२५ मे १९६४ रोजी प्रिन्स एडवर्डचा निकाल लागला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक, स्वतः अलाबामाचे, यांनी लिहिलं की शाळा एकत्र करायला कोर्टानेच आधी दिलेली 'विचारपूर्वक वेगाने' चालण्याची मुदत आता संपली. काउंटीला शाळा बंद करायला बिगरवांशिक कारणं असतीलही, पण वंश आणि एकत्र शिकण्याला विरोध ही कारणं संविधानात बसत नाहीत. गरज पडली तर कोर्ट मंडळाला कर बसवायलाही लावू शकेल. निकालाच्या शेवटी एक छोटी नोंद आहे : बाकी सगळं मान्य, पण केंद्रीय कोर्ट शाळा उघडण्याचा हुकूम देऊ शकतं हे दोन न्यायमूर्तींना मान्य नाही. त्यातले एक हार्लन. ज्यांनी अलाबामापासून सभासदांची यादी वाचवली, तेच. त्यांच्या मनात राज्याच्या अधिकाराबद्दल खरी चिंता होती आणि मी तिला ढोंग म्हणणार नाही. पण पाच वर्षं शाळा बंद असलेल्या गावात ती चिंता कोणाच्या कामाची होती, हे मला कळत नाही.

आमचं मराठी मंडळ गणपतीला एका सरकारी शाळेचं कॅफेटेरिया भाड्याने घेतं. मोदकांचे ट्रे, मुलांची नाटुकली, आरतीला झांजांचा गजर. ती आमची संगत आहे. मराठी बोलायला, ऐकायला आम्ही जमतो, आणि ती कोणी मोडू नये असं मला मनापासून वाटतं. पण ते सभागृह आमचं नाही. संध्याकाळी खुर्च्या जागच्या जागी ठेवून आम्ही निघतो आणि सोमवारी तिथे सगळ्यांची मुलं जेवतात. आम्ही पाचशे कुटुंबांनी मिळून उद्या ठरवलं की या शाळेत अमुक मुलं नकोत, तर तो आमच्या स्वातंत्र्याचा प्रश्न उरत नाही.

फार्मव्हिलहून आल्यावर मुंबईला दादाशी फोनवर बोलत होते. तो त्यांच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. एका भाडेकरूला नाव ऐकून नकार दिला, ते त्याने सहज सांगितलं.

"अगं, सोसायटी आपली, पैसे आपले. कोणाला घ्यायचं ते आपणच ठरवणार ना? कोर्टानेच म्हटलंय."

कोर्टाने म्हटलंय, ते खरं आहे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने, सभासदत्व पारशांपुरतं ठेवायचा तिचा अधिकार संघटन स्वातंत्र्याच्या आधारे उचलून धरला. मूठभर उरलेल्या समाजाने एकत्र राहू म्हणणं मी समजू शकते. पण दादाच्या गल्लीतल्या सगळ्याच सोसायट्यांनी आडनाव ऐकून दार लावायचं ठरवलं, तर त्या माणसाला घर कुठे मिळणार? त्याच्यासाठी अख्खं शहरच काउंटी होऊन बसतं.

"दादा, पाणी महापालिकेचं येतं ना रे तुमच्याकडे?" मी म्हटलं. तो म्हणाला, "विषय काय, तू बोलतेस काय." फोन तिथेच संपला. मला अजून नीट सांगता आलेलं नाही त्याला. सांगायचं आहे ते हे, की अमेरिकेच्या संविधानाच्या चौदाव्या दुरुस्तीत १८६८ साली, कायद्याचं समान संरक्षण 'कोणतंही राज्य' नाकारणार नाही असं लिहिलं, म्हणून १८८३ मध्ये कोर्ट म्हणू शकलं की खाणावळवाल्याला आणि थिएटरवाल्याला ती लागू नाही. त्यांना लागू होणारा टिकाऊ कायदा यायला १९६४ उजाडलं. आपल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावं घेऊन लिहिलंय. ती नावं कशी आली हे महाडच्या चवदार तळ्याला विचारावं. तळं आमच्या खासगी मालकीचं, इतरांना नेण्याची वहिवाट नाही, असा दावा करून तिथल्या सवर्णांनी बाबासाहेबांना १९२७ पासून १९३७ पर्यंत कोर्टात उभं केलं होतं, आणि शेवटी मुंबई हायकोर्टात हरले. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, ते एन-डबल-ए-सी-पीच्या संस्थापकांपैकी. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांकडे जी अर्जी घेऊन जात होते, तिच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या. त्या वेळी बार्बरा अकरा वर्षांची होती.

संग्रहालयात आम्हाला माहिती द्यायला सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या. १९५९ च्या सप्टेंबरात त्या पहिलीत जाणार होत्या. आईने शिवलेला फ्रॉक खिळ्याला टांगलेला राहिला आणि पुढे धाकट्या बहिणीच्या अंगाला आला. १९६३ मध्ये देणग्यांवर चालणाऱ्या मोफत शाळा निघाल्या, तेव्हा त्या पहिल्यांदा वर्गात बसल्या. दहा वर्षांच्या होत्या. बाक सहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. गुडघे बाकाखाली मावेनात, म्हणून आठवडाभर तिरक्या बसल्या, मग शिक्षिकेने दुसऱ्या खोलीतून मोठा बाक आणून दिला.

निघताना त्यांनी लेकीला विचारलं, "कितवीत आहेस?"

"दहावीत."

"काय काय विषय आहेत तुला?"

लेकीने दोन-तीन सांगितले आणि थांबली. त्या थांबल्या नाहीत. "अजून?" म्हणाल्या. मग तिने सगळे सांगितले, केमिस्ट्री, जॉमेट्री, स्पॅनिश, बँड, एकेक करून. त्या प्रत्येकाला मान हलवत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, सकाळी बस घराजवळ येते का, आणि ती किती वाजता येते.